शंभर डॉलरचा लॅपटॉप आणि त्यावरून झालेली चढाओढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेला संगणक द्यायला निघालेली मंडळी, शिक्षक आणि पालक हे प्रश्न फिरून फिरून विचारतात. काही उत्तरं एका ओळीची आहेत, काही लांबली आहेत.

"शंभर डॉलरचा लॅपटॉप" म्हणजे नेमका कोणता?

एमआयटीच्या मीडिया लॅबचे एक संस्थापक निकोलस नेग्रोपाँटे यांनी जानेवारी 2005 मध्ये दाव्होसला ही कल्पना मांडली. विकसनशील देशांतल्या प्रत्येक मुलाला स्वतःचा लॅपटॉप, किंमत शंभर डॉलर. त्यासाठी "वन लॅपटॉप पर चाइल्ड" ही ना-नफा संस्था निघाली, तिलाच सगळे ओएलपीसी म्हणतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिसच्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत पहिला नमुना दाखवला गेला. प्रत्यक्षातलं यंत्र, म्हणजे हिरवा-पांढरा एक्सओ-1, तैवानच्या क्वांटा कंपनीने 2007 च्या अखेरीस मोठ्या संख्येने बनवायला घेतलं.

कल्पना मात्र दाव्होसहून बरीच जुनी. एमआयटीचेच सेमूर पॅपर्ट यांनी लोगो ही मुलांसाठीची संगणक भाषा घडवली, तेव्हापासून त्यांचं म्हणणं एकच होतं: संगणकाने मुलाला शिकवू नये, मुलाने संगणकाला शिकवावं आणि त्या खटाटोपात स्वतः शिकावं. नेग्रोपाँटे त्याच परंपरेतले. म्हणून तर "हा लॅपटॉपचा नाही, शिक्षणाचा प्रकल्प आहे" असं ते बोलताना कायम बजावत. पुढे भांडण झालं ते मात्र लॅपटॉपवरूनच.

तो शंभर डॉलरला मिळाला का?

नाही. उत्पादन सुरू झालं तेव्हा किंमत 188 डॉलरच्या आसपास होती. शंभरचा आकडा लाखोंच्या ऑर्डरी येतील या भरवशावर मांडला होता, आणि त्या आल्या नाहीत. टीकाकारांना हा आकडा आयताच सापडला. पण त्याची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही: याच आकड्याने लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांची झोप उडवली.

एवढा स्वस्त करायला त्यातून काय काय काढलं?

हा प्रश्न थोडा उलटा विचारायला हवा. काय घातलं ते बघा.

एक्सओ हातात घेतला की आधी त्याचे कान दिसतात. दोन्ही बाजूंची हिरवी शिंगं वर केल्याशिवाय झाकण उघडतच नाही. तीच वायफायचे अँटेना, आणि मिटली की यूएसबीची भोकं तीच झाकतात, म्हणजे धूळ आत जात नाही. वर धरायला मूठ आहे, शाळेच्या पेटीला असते तशी. कीबोर्ड एकसंध रबराचा, त्यामुळे पाणी सांडलं तर पुसून मोकळं व्हायचं. आत पंखा नाही, फिरणारी हार्डडिस्क नाही, म्हणजे पडल्यावर बिघडेल असं हलतं काही नाही. स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने निघतात, आणि जादा स्क्रू त्या मुठीच्या आतच ठेवून दिलेले! दुरुस्ती गावातच होणार आणि करणाऱ्याचा एखादा स्क्रू हरवणारच, हे ज्याला सुचलं त्याने कधीतरी स्वतः काहीतरी उघडून बसवलेलं असणार.

खरी कमाल पडद्याची. ओएलपीसीच्या तंत्रज्ञान प्रमुख मेरी लू जेप्सन यांनी असा पडदा घडवला की मागचा दिवा बंद केला तरी भर उन्हात कृष्णधवल मजकूर स्वच्छ वाचता येई. तो साडेसात इंचांचा होता आणि त्यावर 1200 बाय 900 ठिपके होते. त्या काळच्या महागड्या लॅपटॉपला उन्हात नेलं की त्याचा आरसा व्हायचा. शिवाय हे लॅपटॉप आपापसांत जाळं विणत. एकाला इंटरनेट मिळालं की शेजारच्याला त्याच्यामार्फत मिळावं, अशी योजना होती. कागदावर ती सुरेख होती. पण वर्गात तीस यंत्रं एकदम चालू झाली की गोंधळ उडायचा.

काटकसर केली ती बाकीच्यात. 433 मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर, 256 एमबी मेमरी, साठवणुकीला 1 जीबी. विंडोज नाही. फेडोरा लिनक्स या मोफत प्रणालीवर "शुगर" नावाची मुलांसाठीची मांडणी होती. दिसायला गोड, पण चालायला संथ.

आणि वीज तयार करायला हाताने फिरवायचा तो दांडा?

तो फक्त नमुन्यात होता. ट्युनिसला तो हातात निखळून आल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. विक्रीच्या यंत्रात दांडा नव्हताच. एक्सओ इतकी कमी वीज खायचा की छोट्या सौर पॅनेलवर चाले. तरीही वर्षानुवर्षं लोक "तो चावीचा लॅपटॉप" असंच म्हणत राहिले.

यात इंटेलने उडी का घेतली? गरीब देशांच्या शाळांत त्यांना काय मिळणार होतं?

आजचा नफा नाही, उद्याचं गिऱ्हाईक. एक्सओमध्ये चिप होती एएमडीची, म्हणजे इंटेलच्या थेट प्रतिस्पर्ध्याची. कोट्यवधी मुलांच्या हातात पहिला संगणक येणार आणि त्यावर आपलं नाव नाही, हे इंटेलला परवडणारं नव्हतं. सॉफ्टवेअरचं तसंच. ज्या पिढीने विंडोज पाहिलंच नाही ती मोठी होऊन विंडोज का घेईल?

आधी हिणवून झालं. इंटेलचे तेव्हाचे अध्यक्ष क्रेग बॅरेट यांनी 2005 च्या डिसेंबरात एक्सओला "शंभर डॉलरचं गॅजेट" म्हटलं. बिल गेट्स यांनी दांड्याची आणि छोट्या पडद्याची खिल्ली उडवली. मग 2006 मध्ये इंटेलने स्वतःचाच स्वस्त शालेय लॅपटॉप आणला, क्लासमेट पीसी. आणि एप्रिल 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की विकसनशील देशांच्या सरकारांना विद्यार्थ्यांसाठी विंडोज आणि ऑफिस तीन डॉलरला देऊ. ज्याला आपण गॅजेट म्हणतो त्याच्यासाठी कुणी एवढा आटापिटा करत नाही.

नेग्रोपाँटे यांचा आरोप होता की ओएलपीसीची बोलणी चालू असलेल्या देशांत इंटेल मुद्दाम क्लासमेट तोट्यात खपवते आहे. मे 2007 मध्ये अमेरिकन टीव्हीवर ते म्हणाले की इंटेलला लाज वाटली पाहिजे. इंटेलचं उत्तर असं की बाजारात एकाच्याच यंत्राने का असावं, देशांना निवड करू द्या. तत्त्व म्हणून यात चूक काढणं अवघड आहे. फक्त एकीकडे ना-नफा संस्था आणि दुसरीकडे जगातली सर्वांत मोठी चिप कंपनी, हा सामना बरोबरीचा नव्हता.

पण इंटेल ओएलपीसीत सामील झाली होती ना?

झाली होती, जेमतेम सहा महिने. जुलै 2007 मध्ये समेट होऊन इंटेल संचालक मंडळावर आली. जानेवारी 2008 च्या पहिल्या आठवड्यात बाहेर पडली. क्लासमेट बंद करा असा ओएलपीसीचा आग्रह होता, असं इंटेलने सांगितलं. ओएलपीसीचं म्हणणं, इंटेल मंडळावर असतानाही तिचे विक्रेते एक्सओविरुद्ध प्रचार करत होते, पेरूच्या सरकारी अधिकाऱ्यांपुढेसुद्धा. दोघंही खरं बोलत असावेत, असं मला वाटतं. विक्री विभागाला संचालक मंडळाचे समेट सहसा कळत नाहीत.

दोन्हींत चांगला कोणता होता?

कुणासाठी, त्यावर अवलंबून.

क्लासमेट हा आकसलेला नेहमीचा लॅपटॉप. इंटेलचा 900 मेगाहर्ट्झचा सेलेरॉन प्रोसेसर, 7 इंचांचा 800 बाय 480 चा पडदा, विंडोज किंवा लिनक्स. वीज जास्त लागायची आणि उन्हात पडदा दिसायचा नाही. पण शिक्षकाला तो ओळखीचा वाटे, सरकारी बाबूला "हाच खरा कॉम्प्युटर" वाटे, आणि शिक्षक वर्गातल्या सगळ्या पडद्यांवर लक्ष ठेवू शकेल असं सॉफ्टवेअर त्यासोबत येई. त्या लॅपटॉपच्या मागची कल्पनाच निराळी होती: शिक्षक पुढे, मुलं त्याच्या मागे.

एक्सओ मुलाला धरून घडवला होता. यंत्र मुलाच्या मालकीचं, ते घरी जाणार, मूल ते उघडणार, मोडणार, जोडणार. कीबोर्डवर एक खास कळ होती. ती दाबली की चालू असलेल्या उपक्रमाचा मूळ प्रोग्राम दिसावा असा हेतू होता. यंत्र म्हणून माझं मत एक्सओला. खरेदी समितीवर बसलो असतो तर मीही बहुधा क्लासमेटवर सही केली असती, आणि नेमकी हीच ओएलपीसीची अडचण होती.

देशांनी लाखो लॅपटॉपचे शब्द दिले होते. मग ऑर्डरी कुठे गेल्या?

शब्द राष्ट्रप्रमुखांनी दिले होते, पैसे खात्यांनी द्यायचे होते. ओएलपीसीने सुरुवातीला एकेका देशाकडून दहा लाख नग मागितले. लिबियाने 2006 मध्ये बारा लाखांचा करार केला, तो तडीस गेला नाही. थायलंडचे पंतप्रधान उत्सुक होते, पण सप्टेंबर 2006 मध्ये लष्कराने त्यांना पायउतार केलं. नायजेरियाचे अध्यक्ष अनुकूल होते, त्यांची मुदत 2007 मध्ये संपली. नंतर आलेल्या शिक्षणमंत्र्यांनी सरळच विचारलं, मुलांना बसायला बाक नाहीत तिथे लॅपटॉप घेऊन काय करायचं?

नायजेरियातच याच चढाओढीचा एक मासला पाहायला मिळाला. तिथे 17,000 क्लासमेटसाठी मँड्रिव्हा या फ्रेंच लिनक्स कंपनीशी व्यवहार ठरला. आणि मग कळलं की सरकार मँड्रिव्हाचे पैसे देणार, पण यंत्रांवर नंतर विंडोज चढवणार. मँड्रिव्हाच्या प्रमुखांनी मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामर यांना उद्देशून उघड पत्र लिहिलं: या लोकांना तुम्ही असं काय केलंत? पत्र वाचायला मजा येते. मुलांना काय हवं, हा विषय मात्र त्या प्रकरणात कुठेच येत नाही.

शेवटी एक्सओवरही विंडोज आलं, हे खरं?

हो, मे 2008 मध्ये तशी घोषणा झाली. त्याआधी एप्रिलमध्ये सॉफ्टवेअरचे प्रमुख वॉल्टर बेंडर संस्था सोडून गेले आणि त्यांनी शुगर लॅब्ज काढली. जेप्सन तर वर्षाच्या सुरुवातीलाच गेल्या होत्या, स्वस्त पडद्यांची स्वतःची कंपनी काढायला. जानेवारी 2009 मध्ये ओएलपीसीने निम्मी माणसं कमी केली.

भारताने नकार का दिला?

2006 मध्ये मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या शिक्षण सचिवांनी ही कल्पना अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने संशयास्पद ठरवली. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड मोठी, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हाही रास्त वाटलं होतं. तरी एक छोटा प्रयोग इथे झालाच. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावातल्या एकशिक्षकी शाळेत. मुलं वीस-बावीस, म्हणजे सगळ्या इयत्ता एकाच खोलीत. अशा शाळेत शिक्षक एका इयत्तेला शिकवत असतो तेव्हा उरलेल्या मुलांचं काय, हा रोजचा प्रश्न असतो. तिथे स्वतःचं यंत्र हाताशी असण्याला जो अर्थ येतो, तो शहरातल्या भरलेल्या वर्गात येत नाही.

पण नकार देऊन सरकार तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. आपणच आणखी स्वस्त करून दाखवू, अशी ईर्षा शिरली. फेब्रुवारी 2009 मध्ये तिरुपतीला "दहा डॉलरचा लॅपटॉप" म्हणून गाजावाजा झालेली वस्तू समोर आली, ती निघाली साठवणुकीची एक डबी. मग ऑक्टोबर 2011 मध्ये "आकाश" टॅब्लेट आला: 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, सात इंचांचा पडदा, आणि स्पर्श असा की बोट टेकवून भागत नसे, दाबावं लागे. जाहीर केलेली किंमत 35 डॉलर, सरकारला पडलेली 50 च्या जवळ. पहिल्या खेपेत तक्रारी आणि चाचण्यांवरून वाद झाल्यावर काम आयआयटी मुंबईकडे आलं आणि पुढचा आकाश पुष्कळ बरा निघाला. तोवर बाजारात त्याच पैशांत साधे चिनी टॅब्लेट मिळू लागले होते.

उरुग्वेला जमलं आणि पेरूला नाही, असं म्हणतात. यंत्र तर एकच होतं?

तेच तर.

उरुग्वे हा जेमतेम चौतीस-पस्तीस लाख वस्तीचा, सपाट, बऱ्यापैकी सुस्थितीतला देश. मे 2007 मध्ये विया कार्दाल या छोट्या गावातल्या शाळेपासून सुरुवात झाली. ऑक्टोबर 2007 मध्ये निविदा काढून, दोन्ही यंत्रं तपासून एक लाख एक्सओ घेतले. 2009 च्या अखेरीपर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाकडे लॅपटॉप होता. पण त्यांनी नुसती खरेदी केली नाही, "प्लान सेइबाल" नावाची कायमची यंत्रणा उभी केली. शाळांना इंटरनेट, शिक्षकांना प्रशिक्षण, दुरुस्तीची सोय, चोरीला गेलेलं यंत्र बंद पाडण्याची व्यवस्था. सगळं धरून दर मुलामागे खर्च सुमारे 260 डॉलर आला, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. म्हणजे यंत्राच्या किमतीवर आणखी बराच. पुढे यंत्रं बदलली, माध्यमिकच्या मुलांना क्लासमेटच्या जातीची मिळाली, आणि जिथे इंग्रजीचे शिक्षक नव्हते तिथे व्हिडिओवरून परदेशातले शिक्षक इंग्रजी शिकवू लागले. एक्सओ गेला, प्लान सेइबाल आजही चालू आहे.

पेरूने त्याहून कितीतरी जास्त, आठ लाखांवर यंत्रं वाटली. सुरुवात मुद्दाम अँडीजमधल्या सर्वांत गरीब, दूरच्या शाळांपासून केली. हेतू उदात्त होता. पण बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं, काहींत वीजही धड नव्हती, आणि शिक्षकांचं प्रशिक्षण तुटपुंजं होतं. मुलांनी मोडलं तर भरपाई कोण देणार, या धास्तीने कित्येक ठिकाणी लॅपटॉप घरी जाऊच दिले नाहीत. मालकी मुलाची, ही मूळ अट तिथेच संपली. कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. शाळेत वावरलेल्या कुणालाही हे चित्र अनोळखी नाही.

मग मुलं हुशार झाली का?

पेरूतल्या 319 ग्रामीण शाळांची सुमारे पंधरा महिन्यांनी तपासणी झाली. आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासकांनी 2012 मध्ये निष्कर्ष मांडले. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक नाही. हजेरीत आणि अभ्यासाला दिलेल्या वेळात फरक नाही. आकृत्यांतली संगती ओळखण्यासारख्या विचारकौशल्याच्या चाचण्यांत थोडा फायदा, साधारण पाच महिन्यांच्या वाढीइतका. संगणक वापरता येऊ लागला हे वेगळंच.

ओएलपीसीचे पाठीराखे म्हणत, परीक्षा जुन्या पद्धतीच्या, त्यात हे शिक्षण दिसणारच नाही. असेलही. पण गणित सुधारेल असं सांगून यंत्र विकल्यावर गणिताचा निकाल बघितला जाणारच.

मग ही शर्यत जिंकलं कोण?

आसुस. जे शर्यतीत नव्हतेच.

जून 2007 मध्ये तैवानच्या आसुसने ई-पीसी दाखवला आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात विकायला काढला. सात इंचांचा पडदा, इंटेलचा स्वस्त प्रोसेसर, लिनक्स, हार्डडिस्क नाही. म्हणजे क्लासमेटचाच जवळचा नातलग, फक्त गिऱ्हाईक वेगळं: पैसे खिशात असलेला शहरी माणूस. तो हातोहात खपला, सगळ्या कंपन्या मागे धावल्या, इंटेलने 2008 मध्ये खास अशा यंत्रांसाठी ॲटम चिप आणली आणि "नेटबुक" हा नवा प्रकार तयार झाला. स्वस्त, छोटा, पुरेसा लॅपटॉप लोकांना हवा आहे, हे ओएलपीसीने सिद्ध केलं. पैसे दुसऱ्यांनी केले.

इंटेललाही सरकारी ऑर्डरी मिळाल्या. पोर्तुगालने 2008 मध्ये क्लासमेटवरून "मॅगेलन" काढला, त्याचे दहा लाख नग व्हेनेझुएलाने घ्यायचं ठरवलं. अर्जेंटिनाने 2010 पासून माध्यमिकच्या मुलांना असेच नेटबुक वाटले.

आता मोबाइल आहे. लॅपटॉपची गरजच काय?

बघायला आणि ऐकायला मोबाइल पुरतो. दोन पानी निबंध लिहायला, तक्ता मांडायला, प्रोग्राम लिहायला पुरत नाही. शिवाय घरातला मोबाइल बहुधा वडिलांचा असतो आणि सकाळी त्यांच्याबरोबर कामावर जातो. लॅपटॉप मुलाचा स्वतःचा असावा, हा नेग्रोपाँटे यांचा हट्ट इथे मला पटतो.

आमच्या संस्थेला एका शाळेला स्वस्त लॅपटॉप द्यायचे आहेत. विक्रेत्याला काय विचारू?

प्रोसेसर आणि मेमरी शेवटी विचारा. आधी बॅटरी: ती वेगळी मिळते का, किती वर्षं मिळत राहील, आणि बदलायला यंत्र कंपनीकडे पाठवावं लागतं का. दोन-अडीच वर्षांत पहिल्यांदा तीच मान टाकते. मग चार्जर. मुलं लॅपटॉप सांभाळतात, चार्जरची वायर ओढतात, म्हणून शेकडा दहा तरी जादा घ्या. चाळीस यंत्रं एकाच वेळी चार्जिंगला लावली तर शाळेचं वायरिंग ते सोसेल का, हे वायरमनला विचारा, विक्रेत्याला नको. मुलांच्या भाषेतला मजकूर इंटरनेटशिवाय त्यात भरून मिळेल का, तेही बघा. नेपाळमध्ये एक्सओला देवनागरी कीबोर्ड होता आणि तिथल्या संस्थेने नेपाळी धडे तयार करून घातले होते, म्हणून ती यंत्रं वर्गात वापरात राहिली.

आणि एकूण रकमेतला निदान तिसरा हिस्सा पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवा, दुरुस्तीला आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाला. नगांची संख्या कमी झाली तरी चालेल. फुटलेला पडदा कोण, कुठे आणि किती दिवसांत बदलून देणार, हे करारात लिहून घ्या. "तसं काही होत नाही हो साहेब" असं उत्तर आलं तर दुसऱ्या विक्रेत्याकडे जा.